तिसऱ्या खांबाखालचा मुखवटा

१

नोव्हेंबरच्या दोन तारखेला सकाळी नऊच्या सुमारास अकरा परक्या माणसांनी एल्मो वेरेच्या शेडचा तिसरा खांब उकरला आणि त्याखालून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. डब्यात मुखवटा होता. डासांसाठी दाराला लावतात तसल्या लोखंडी जाळीचा, निळा, कपाळावर सात पांढरे ठिपके असलेला. त्यांच्यातली एक बाई तिथेच चिखलात बसून रडायला लागली. बाकीच्यांनी फोन वर धरले.

ही मंडळी बेल-आन्स गावाला नवीन नव्हती. सहा वर्षांपूर्वी या खाडीकाठी 'खोल भरती' नावाच्या मालिकेचं चित्रीकरण झालं होतं. मालिकेत दोन थकलेले पोलीस होते, दलदलीत सापडणारी प्रेतं होती आणि दलदलीच्याही खाली ताऱ्यांच्या आधीपासून पडून असलेलं काहीतरी होतं. त्याला नाव नव्हतं आणि माणसांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. खुनी सात ठिपक्यांचे मुखवटे घालत. शेवटच्या भागात कॅमेरा एल्मोच्या शेडच्या तिसऱ्या खांबावर अकरा सेकंद थांबला आणि मालिका संपली. खुनी कोण, ते सांगितलंच नाही.

मग काय, जगभरच्या रिकाम्या डोक्यांना चारा मिळाला. सात ठिपके म्हणजे कुठल्याच आकाशात नसलेले सात तारे, असं कुणी मांडलं. कुणी जुनी वर्तमानपत्रं उपसली आणि शोधून काढलं की याच गावातून १९९१ साली मार्दी ग्रा या मुखवट्यांच्या सणाच्या मिरवणुकीतून ओरेली देरोश नावाची सतरा वर्षांची मुलगी नाहीशी झाली होती, आणि तिच्याही मुखवट्यावर सातच ठिपके होते. म्हणजे मालिका खरी, गाव खोटं. गाव त्यांना 'भरतीवाले' म्हणे. दर नोव्हेंबरात ते येत, शेडभोवती फिरत आणि जाताना आठवण म्हणून काहीतरी तोडून नेत. एल्मोच्या शेडची एक भिंत अशी फळीफळीने प्रवासाला गेली होती.

ही बातमी फोनवर आली तेव्हा ओडील शेसाँ गंबो नावाच्या दाट रश्शासाठी तेलात पीठ परतत होती. हे पीठ सोडून इकडे तिकडे बघायचं नसतं, हे बेल-आन्समधल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ओडीलने ते करपू दिलं.

ओरेलीचा तपास तिने केला होता. तेव्हा ती पोलिसात नवी होती, आता निवृत्त. नऊ दिवस केला, आणि फायलीत शेवटची ओळ तिच्याच हाताने लिहिली: 'स्वतःच्या मर्जीने गेली असावी.'

दुपारी एल्मोला कोठडीत टाकलं.

२

नवा तपास अधिकारी हॅस्कल उत्तरेकडचा होता, पाइनच्या टेकड्यांतला. माणूस सभ्य, पण जिभेला धार होती.

"मिस ओडील, तुम्ही नऊ दिवसांत सोडलेली केस या वेड्यांनी अकरा सेकंदांत सोडवली म्हणायची."

"मुखवटा बघू दे."

प्लास्टिकच्या पिशवीतला मुखवटा तिने उजेडात धरला. अशी जाळी हल्ली कुठे दिसत नाही. हॅस्कलचंही तेच म्हणणं होतं.

"बघितलंत? त्या काळची जाळी, गंजलेली. त्या दिवशी मिरवणुकीचा कापितेन कोण होता? एल्मो वेरे. पोरीला शेवटचं कुणी पाहिलं? एल्मोने. डबा कुणाच्या शेडमध्ये? आणखी काय हवं?"

"तो शहात्तर वर्षांचा आहे. त्याचं हृदय अर्धंच चालतं."

"प्रयोगशाळेचा अहवाल सहा आठवड्यांनी येईल. तोवर तो आत."

सहा आठवडे एल्मो काढणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. फरक इतकाच, की हॅस्कलची त्याने झोप उडणार नव्हती.

ओडीलने मुखवटा परत बघितला. एका ठिपक्याचा टवका उडाला होता आणि खाली तांबूस गंज दिसत होता. काहीतरी खटकलं. काय ते तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. तिने फोनवर दोन फोटो काढून घेतले.

कोठडीत एल्मो बाकावर बसला होता. त्याचे बूट काढून घेतले होते आणि मोजे दोन रंगांचे होते.

"एल्मो, तू पुरलास का तो डबा?"

"नाही."

"मग तसं ओरडून सांग की यांना."

"सांगितलं एकदा." तो पायांकडे बघत राहिला. "ओडील, कापितेनचं काम काय असतं? घोड्यावर पुढे चालायचं, घराघरांतून कोंबड्या मागायच्या, आणि दिवस मावळला की मुखवटे उतरवून डोकी मोजायची. त्या दिवशी मी कोंबड्या मोजल्या. चौदा. डोकी मोजली नाहीत. प्यालो होतो. अठ्ठावीस वर्षं मी वाट बघतोय की कुणीतरी येऊन मला धरेल."

"म्हणून न केलेल्या गुन्ह्यासाठी मरणार का तू?"

"केलेल्यासाठी तर कुणी धरलं नाही," एल्मो म्हणाला.

३

अकरा जणांचा म्होरक्या कर्टिस ब्लोम ओहायोहून आला होता. तिकडे त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. खाडीकाठच्या उपाहारगृहात तो न खाल्लेल्या कोळंबीच्या ताटासमोर बसला होता. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो, असं ओडीलला वाटलं.

"खांबाखाली काही आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. अकरा सेकंद, मॅडम. ओरेली अकरा फेब्रुवारीला जन्मली."

"आणि खांब तिसरा का?"

"तीन गुणिले सात एकवीस, आणि भाग..."

"पुरे. शेड उकरायची परवानगी होती?"

"पाच वर्षं मागत होतो. तो नाही म्हणायचा. या वर्षी..." तो ओशाळला. "गेल्या वर्षी आम्ही चारशे होतो. या वर्षी अकरा. मालिकेचा नवा हंगाम कुठल्यातरी बर्फाच्या गावात घडतो, लोक तिकडे गेले. मला वाटलं, हे शेवटचं. मी रिकाम्या हाताने गेलो तर तिच्याबद्दल कुणी विचारणार नाही."

"तू तिला ओळखत होतास?"

"नाही. पण तिच्या आईशी बोललोय. ओरेलीला अंजिराचा मुरंबा आवडतो. झोपेत हसायची." कर्टिसने ताट बाजूला सारलं. "एल्मोंनी हे केलं असेल असं मला आधी कधीच वाटलं नव्हतं. आमचा तर्क दलदलीबद्दल होता. आता सगळे त्यांना फासावर चढवा म्हणताहेत. मी नको म्हटलं तर मलाच शिव्या."

उपाहारगृहाच्या मागे डुडली आर्सनो होडीला दोर बांधत होता. मालिकेच्या वेळी तो त्या लोकांचा हरकाम्या होता. आता भरतीवाल्यांना होडीतून 'खुनाच्या जागा' दाखवत असे. गेल्या वर्षी त्याच्या तीन होड्या होत्या आणि आज ही एक.

"ताँत ओडील, मावशी, माझ्याकडे अशी बघू नकोस. मला माहितीये तू काय विचार करतेयस. डबा निघाला, गर्दी येणार, डुडलीचं भलं होणार."

"होणार ना?"

"होईल की. पण मी एवढा गाढव आहे का? तो तिसरा खांब मी स्वतः रोवलाय. शेडला दोनच खांब होते. त्यांना तिसरा हवा होता, चित्रात बरा दिसतो म्हणून. सहा वर्षांपूर्वीच्या खांबाखाली अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा डबा कसा जाईल?"

"हे हॅस्कलला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणतो, एल्मोने मागाहून हलवला असेल. त्याला म्हटलं, साहेब, इथे आम्ही मेलेल्यांनासुद्धा जमिनीत ठेवत नाही, पाणी त्यांना वर ढकलतं. बिस्किटाचा डबा किती दिवस राहील? तर मला म्हणाला, तुमच्या भुताखेतांच्या गोष्टी नकोत."

डुडली हसला नाही. ओडीलच्या लक्षात आलं की तोही घाबरलाय. डबा पुरणारा गावचा असेल तर खांब नकली आहे हे त्याला ठाऊक होतं. तरीही त्याने तोच निवडला, कारण भरतीवाले तिथेच बघणार होते. म्हणजे त्याला गावाला फसवायचंच नव्हतं. आणि असा हिशेब करणारा गावात एकच माणूस तिला दिसत होता. तो तिच्यासमोर दोराला गाठ मारत होता.

४

तीन तारखेला ओडील स्वतःच्या मागच्या दारात कॉफी घेऊन बसली आणि फोनवरचे फोटो मोठे करून बघू लागली. बाहेर दफनभूमी दिसत होती. परवा झालेल्या संतांच्या सणासाठी सगळ्या कबरींना चुना लावलेला होता.

टवका उडालेला ठिपका. पांढऱ्याखाली निळा असायला हवा आणि निळ्याखाली जाळी. तशी ती होतीही, पण गंजलेली. गंज रंगावर चढलेला नव्हता. रंग गंजावर चढलेला होता.

तिने कप खाली ठेवला. १९९१ साली मुखवटा रंगवला तेव्हा जाळी नवी कोरी असणार, आणि पुढे गंज रंग फोडून बाहेर आला असता. इथे उलटं होतं. जाळी आधी वर्षानुवर्षं गंजली होती, मग कुणीतरी तिचा मुखवटा केला आणि रंगवला. काल-परवाची गोष्ट.

मग प्रश्न एकच उरला: इतकी जुनी जाळी आली कुठून?

तिने समोरच्या स्वतःच्या दाराच्या जाळीत बोट खुपसलं. जाळी दबली आणि परत वर आली. प्लास्टिक. ओरेली गेल्यानंतर काही वर्षांनी आलेल्या मोठ्या वादळात समुद्राचं पाणी या गावात छपरापर्यंत सहा दिवस उभं होतं. त्यानंतर मदतीत सगळ्यांना सारखीच दारं मिळाली, सारखीच राखाडी प्लास्टिकची जाळी. ती उठली आणि गल्लीने चालत निघाली. पित्रेंचं दार प्लास्टिक. डुडलीचं प्लास्टिक. चर्चच्या स्वयंपाकघराचं प्लास्टिक. डुडलीकडे लोखंडी जाळी असण्याचं कारणच नव्हतं. त्याचं जुनं घर पाण्याने पायासकट नेलं होतं.

शेवटच्या घराकडे ती वळली. एका बाईने मदतीचं दार घेतलं नव्हतं, हे तिला आठवलं. वाहून गेलेलं स्वतःचं दार तिने दीड मैलावरच्या वेळूच्या बेटातून शोधून आणलं होतं आणि पुन्हा ठोकलं होतं. लोक तिला वेडी म्हणाले होते. ओडीलही म्हणाली होती.

दाराच्या खालच्या कोपऱ्यातून हातभर जाळी कापलेली होती आणि तिथे मच्छरदाणीचं ठिगळ टाचलेलं होतं.

आतून आवाज आला, "उघडंच आहे. दोन दिवस लावलेस, ओडील. गेल्या वेळेपेक्षा सुधारलीस."

५

दाराची स्प्रिंग दोन सुरांत कुरकुरली. ओरेलीची आई लिओना देरोश टेबलाशी बसली होती. मिरवणुकीचे मुखवटे गावात तीच बनवायची, आईच्या वेळेपासून. जाळी माणसाच्या चेहऱ्यावर दाबून आकार द्यायचा, मग रंगवायची. हा मुखवटा तिने कुणाच्या चेहऱ्यावर दाबला असेल ते ओडीलला आता विचारावं लागलं नाही. तिला स्वतःचा सोडून दुसरा चेहरा होताच कुठे?

"एल्मो आत आहे, लिओना."

"माहितीये. रात्रभर झोपले नाही." तिचे हात मांडीवर होते, एकमेकांना धरलेले. "मला वाटलं होतं, गावातलं कुणीही बघेल आणि हसेल. त्या खांबाखाली! चार दिवस वाद चालेल, तिचं नाव सगळीकडे होईल, मग तू किंवा डुडली सांगाल की खोटं आहे, आणि तोवर चारशे लोक परत आलेले असतील. डबा त्या पाइनवाल्याच्या हातात पडेल आणि तो आमचं ऐकणारच नाही, हे कुठून सुचणार?"

"पण का?"

"या वर्षी अकरा आले. पुढच्या वर्षी एकही नाही येणार." लिओनाने पहिल्यांदा मान वर केली. "तो चष्मेवाला पहिल्यांदा आला तेव्हा त्याने काय विचारलं माहितीये? ती झोपेत बोलायची का. तू काय विचारलं होतंस? तिचं कुणाशी होतं का, आणि घरातून काय घेऊन गेली. आणि मग आलीच नाहीस. माझ्याकडून दर वर्षी मुखवटा घेतलास, पण तिचं नाव नाही काढलंस. गावात कुणीच नाही काढलं. मला वाईट वाटेल म्हणून. त्या वेड्यांना तेवढी अक्कल नव्हती, म्हणून बरं होतं."

ओडीलला रडू आलं नाही. तिला लाज वाटली, आणि ती लाज जुनीच आहे हेही कळलं.

"आणि मालिकेतले ठिपके?" तिने विचारलं. "त्यांच्या लेखकाला कुठून कळले?"

"लेखकाला काय कळतंय. त्यांचा माणूस चाळीस मुखवटे मागायला आला. मी म्हटलं, ठिपके माझे राहतील, तर देते. त्याला काय फरक पडत होता?" तिने दाराकडे पाहिलं. "म्हटलं, पोरगी कुठेही असो, टीव्ही तर बघत असेल. बघेल आणि म्हणेल, अरे, हे तर आपल्या घरचं."

"सातच का?"

"पहिला मुखवटा केला तेव्हा ती चार वर्षांची होती. बोट रंगात बुडवून ठिपके तिनेच दिले. तिला सातपर्यंतच मोजता यायचं."

मग लिओना उठली आणि खुंटीवरचा कोट घेतला.

"चल. एल्मोचं जेवण चुकेल."

६

हॅस्कलने कबुलीजबाब घेतला, मुखवट्यात लिओनाचा चेहरा बसतो का ते बघितलं, आणि बसल्यावर त्याला कुठे बघावं ते कळेना. खोटा पुरावा पेरल्याबद्दल तिला जानेवारीत कोर्टाची तारीख मिळाली. एल्मो त्याच दुपारी बाहेर आला. तक्रार द्यायला त्याने नकार दिला. तो लिओनासमोर टोपी काढून उभा राहिला. तीच म्हणाली, "मोजे तरी एका रंगाचे घाल."

इथे गोष्ट संपायला हवी होती. ओडीलने कर्टिसच्या कॅमेऱ्यासमोर बसून एकेक दुवा सरळ मांडला: खांब कधीचा, पाणी काय करतं, रंग गंजावर कसा, जाळी कुठल्या दाराची, आणि सात म्हणजे तारे नव्हेत, चार वर्षांच्या पोरीची मोजणी. एवढं स्वच्छ उत्तर तिने नोकरीत असताना एकाही प्रकरणाला दिलं नव्हतं. तिला वाटलं होतं, उत्तर मिळालं की लोक घरी जातात.

चौथ्या दिवशी गाड्या यायला लागल्या. रविवारी खाडीच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. नवा तर्क दोन दिवसांत तयार झाला होता. मुखवटा करणारी आई, ठिपके आईचे, खोटा पुरावा आईचा. मग पोरीचं काय केलं असेल ते वेगळं सांगायला हवं का? सातपर्यंत मोजणारी पोर म्हणजे सातवा बळी. रंग गंजावर असल्याचा ओडीलने मोठा करून दाखवलेला फोटो त्यांनी सदऱ्यांवर छापून आणला होता.

कर्टिस लिओनाच्या फाटकाशी हात पसरून उभा होता. "घरी जा, तिने काही केलेलं नाही," असं येईल त्याला सांगत होता. गावाने त्याला विकत घेतलंय, असं त्याच्याच जुन्या सोबत्यांनी जाहीर केलं होतं. हॅस्कलने दोन शिपाई पाठवले. रस्ता सार्वजनिक आहे, असं सांगून ते सावलीत जाऊन उभे राहिले.

ओडील आणि एल्मो गाडीत बसून बघत होते. एल्मोचे ओठ हलत होते.

"काय करतोयस?"

"मोजतोय," तो म्हणाला. "तीनशे बारापर्यंत आलोय. कुणी मागे राहायला नको."

ओडील उतरली आणि गर्दीतून वाट काढत लिओनाच्या दारापर्यंत गेली. लिओना दाराच्या आत उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाशी बोलत होती. लाल टोपीची एक मुलगी तिच्यापुढे फोन धरून म्हणत होती, "तिला कुठे पुरलंत ते सांगा. ती ओरडली का?"

"अंजिराचा मुरंबा खाशील, शा, बाळा?" लिओना म्हणाली. "तिला फार आवडतो. बाटली उघडायची वाट न बघता बोट घालायची. ये ना, आत ये."

मुलगी गोंधळून मागे सरली. जाताना सवयीने तिचा हात दाराकडे गेला, पण तिथे तोडायला काही उरलं नव्हतं. ओडीलने ते तेव्हा पाहिलं. दाराला जाळी नव्हती. शनिवारपासून येणाऱ्या प्रत्येकाने तळहाताएवढा तुकडा कापून नेला होता. आता नुसती चौकट राहिली होती, आणि तिला कडी आणि स्प्रिंग. डास खुशाल आतबाहेर करत होते. ही जाळी आता कुठल्याच दुकानात मिळत नाही.

"लिओना," ओडीलने हाक मारली. चौकटीतून हात घालून ती तिला सहज स्पर्श करू शकली असती. लिओनाने मात्र कडी काढली, रिकामी चौकट उघडली आणि तिला आत घेतलं. स्प्रिंग दोन सुरांत कुरकुरली.

"आवाज तोच आहे ना, ओडील?" लिओनाने विचारलं. "तू इतक्या वर्षांपासून येतेयस, तुला कळेल. ती आवाजावरून ओळखेल ना?"



"तोच आहे," ओडील म्हणाली, आणि मागे वळून तिने चौकटीची कडी नीट लावून घेतली.